झोपेच्या बाटलीतले आवाज

जानेवारी १९५४ च्या अखेरीस लिव्हरपूल बंदरातून ‘स्टॅफर्डशायर’ नावाची बोट सिलोनच्या दिशेने निघाली. प्रवाशांमध्ये पन्नास वर्षांचा एक जाडजूड, लालबुंद चेहऱ्याचा, तिरसट स्वभावाचा इंग्रज गृहस्थ होता. हाडे दुखत होती, रात्ररात्र डोळा लागत नव्हता आणि अर्धवट राहिलेल्या कादंबरीचे हस्तलिखित सामानात होते. समुद्राची हवा आणि उष्ण प्रदेशातील ऊन लाभले की प्रकृती सुधारेल आणि कादंबरीही पुरी होईल, असा त्यांचा हिशेब होता. बोट भूमध्य समुद्रात शिरेपर्यंत या गृहस्थांना भिंतीपलीकडून माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागले. ते बोलणे त्यांच्याविषयीच होते, आणि त्यात एकही शब्द चांगला नव्हता.

हे गृहस्थ म्हणजे ईव्हलिन वॉ. विसाव्या शतकातील इंग्रजी गद्यात त्यांच्याइतके नेमके वाक्य लिहिणारे लेखक थोडेच झाले. शब्द हीच ज्यांची मिळकत, त्यांच्या डोक्यातच परके शब्द घुसले. त्यामागे होते एक औषध. अपस्माराच्या रुग्णांना पाऊणशे वर्षांहून अधिक काळ तेच पाजले जात होते.

वॉ यांचा जन्म २८ ऑक्टोबर १९०३ रोजी लंडनमध्ये झाला. वडील आर्थर वॉ हे ‘चॅपमन अँड हॉल’ या प्रकाशनसंस्थेचे प्रमुख, तर थोरले बंधू अॅलेक हेही पुढे कादंबरीकार झाले. अॅलेक यांनी आपल्या शाळेवर बेतलेली कादंबरी लिहून एवढा गहजब उडवला, की त्या शाळेत धाकट्या भावाला प्रवेश मिळण्याची शक्यताच उरली नाही. ईव्हलिन यांना लान्सिंग येथील शाळेत धाडण्यात आले. तेथून ते ऑक्सफर्डच्या हर्टफर्ड कॉलेजात गेले. अभ्यासापेक्षा मित्रमंडळी आणि मद्य यांतच तेथे त्यांचा वेळ अधिक गेला. पदवी न घेताच ते बाहेर पडले आणि वेल्समधील एका शाळेत मास्तर झाले. तेथे इतके नैराश्य आले, की एके रात्री जीव देण्यासाठी ते समुद्रात पोहत निघाले. वाटेत जेलीफिशचा दंश झाला आणि ते माघारी फिरले. हा प्रसंग त्यांनी १९६४ साली आत्मचरित्रात सांगितला आहे. आपल्यावरही हसता येणे हा त्यांचा पहिल्यापासूनचा गुण होता, आणि पुढे तोच त्यांच्या कामी आला.

१९२८ साली त्यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. ‘डिक्लाइन अँड फॉल’ या विनोदी कादंबरीने त्यांना एका रात्रीत प्रसिद्धी दिली. दुसरे पुस्तक कवी-चित्रकार दांते गॅब्रिएल रोझेटी यांचे चरित्र होते. त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही, मात्र या हकिकतीत ते महत्त्वाचे आहे. रोझेटी यांना निद्रानाश होता. झोपेसाठी ते क्लोरल नावाचे द्रव औषध घेत आणि त्याची चव घालवण्यासाठी वर व्हिस्की पीत. मात्रा वाढत गेली. आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे, लोक आपल्याला छळत आहेत, अशा भ्रमांनी त्यांना ग्रासले आणि १८८२ मध्ये शरीर व मन दोन्ही पोखरलेल्या अवस्थेत ते वारले. ही सारी अधोगती चोवीस-पंचवीस वर्षांच्या वॉ यांनी कागदपत्रे चाळून तपशीलवार लिहिली होती. क्लोरल माणसाचे काय करते, हे त्या काळच्या तरुण इंग्रज लेखकांपैकी बहुधा त्यांना सर्वांत चांगले ठाऊक होते. तरीही पुढे तीच बाटली त्यांच्या उशाशी आली.

मधल्या पंचवीस वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. पहिल्या पत्नीचे नावही ईव्हलिनच होते. तो संसार दोन वर्षांत मोडला. १९३० मध्ये वॉ यांनी रोमन कॅथलिक पंथाचा स्वीकार केला आणि त्याच वर्षी हैले सेलासी यांच्या राज्यारोहणाचे वृत्त देण्यासाठी ते अॅबिसिनियात गेले. ‘अ हँडफुल ऑफ डस्ट’ १९३४ मध्ये आली, तर बातमीदारांची यथेच्छ टर उडवणारी ‘स्कूप’ १९३८ मध्ये. वृत्तपत्राच्या कचेरीत बसणाऱ्यांनी ती एकदा तरी वाचावी! १९३७ मध्ये लॉरा हर्बर्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ग्लॉस्टरशायरमधील ‘पिअर्स कोर्ट’ या जुन्या वाड्यात त्यांनी बिऱ्हाड थाटले. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात होते. क्रीट बेटावरील पराभव आणि माघार त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९४५ च्या ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ने अमेरिकेतही अमाप यश मिळवून दिले.

डिसेंबर १९५२ मध्ये ते गोव्यात आले होते. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या निधनाला चारशे वर्षे झाल्यानिमित्त जुन्या गोव्यात त्यांच्या शवाचे प्रदर्शन भरले होते. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. लोटलेल्या भाविकांच्या गर्दीत वॉही होते. या यात्रेवर त्यांनी पुढे लेखही लिहिला. हा प्रवास त्यांनी शाबूत मनाने केला. पुढच्या वर्षभरात मात्र चित्र पालटत गेले.

निद्रानाश जुनाच होता. त्यात सांधेदुखीची भर पडली. क्लोरल आणि ब्रोमाइड यांचे मिश्रण ते झोपेसाठी घेत आणि सोबत मद्यही असे. मात्रा स्वतःच्याच मनाने वाढवली जात होती. १९५३ च्या अखेरीस चेहऱ्यावर लाली चढली, हालचाली मंदावल्या आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. पुढे कादंबरीत त्यांनी वर्णन केलेला विसरभोळेपणा वेगळ्या जातीचा आहे. त्यात माणसाला गोष्टी आठवत नाहीत असे नाही. त्या ठळकपणे आठवतात, पण चुकीच्या. आपण अमुक वाचले, तमुक पाहिले याची पक्की खात्री असते आणि पडताळून पाहिले तर तसे काही नसतेच. ज्याने आयुष्यभर स्मरणशक्तीवर विसंबून लेखन केले, त्याच्या पायाखालची जमीन सरकावी अशीच ही गोष्ट होय.

त्याच वर्षी बीबीसीचे पथक रेडिओ मुलाखतीसाठी पिअर्स कोर्टवर आले होते. नोव्हेंबरमध्ये आणखी एक मुलाखत झाली. तीत प्रश्नकर्ते तिघे होते आणि त्यांचा सूर बोचरा होता. वॉ यांनी वरकरणी सर्वांना टोलवले, पण हे प्रसंग मनात कुठेतरी रुतून बसले. मेंदूचा पहारा ढिला पडताच तेच लोक वेश बदलून परत आले.

ब्रोमाइडची कुळकथा

ब्रोमीन या मूलद्रव्याचा शोध फ्रान्सच्या आंत्वान बालार यांनी १८२६ मध्ये लावला. त्याचा क्षार, पोटॅशियम ब्रोमाइड, हा अपस्मारावरील पहिला खरोखर परिणामकारक उपाय ठरला. १८५७ मध्ये लंडनमधील वैद्यकीय सभेत राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ सर चार्ल्स लोकॉक यांनी मासिक पाळीच्या वेळी फेफरे येणाऱ्या स्त्रियांना ब्रोमाइड दिल्याचे सांगितले. १५ पैकी १४ जणींना गुण आल्याचा त्यांचा दावा होता. कामवासना हे फेफऱ्याचे एक कारण असून ब्रोमाइड ती शमवते, अशी त्या काळची समजूत होती. समजूत साफ चुकीची, औषध मात्र बरोबर! वैद्यकशास्त्राच्या इतिहासात असे अपघात वारंवार घडले आहेत.

पुढे अपस्माराच्या रुग्णालयांत ब्रोमाइड अक्षरशः किलोंनी खपू लागले. अर्धशिशीच्या रुग्णांनाही ते दिले जाई. अमेरिकेत ‘ब्रोमो-सेल्ट्झर’ या नावाची डोकेदुखीची फसफसणारी पूड औषधांच्या दुकानात कोणालाही मिळे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांना १८८९ मध्ये आर्लच्या इस्पितळात डॉ. फेलिक्स रे यांनी हेच औषध दिले होते. त्यांचा मात्र त्याने फायदाच झाला. भयंकर भास कमी झाल्याचे त्यांनी भावाला कळवले होते.

गोम अशी, की ब्रोमाइड शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. मूत्रपिंडाला ते मिठातील क्लोराइडसारखेच भासते आणि ते त्याला राखून ठेवते. आज घेतलेल्या मात्रेपैकी निम्मी बाहेर पडायला सुमारे १२ दिवस लागतात. रोज थोडे घेतले तरी आठवड्यागणिक साठा वाढतच जातो आणि ब्रोमाइड रक्तातील क्लोराइडची जागा बळकावते. मग जीभ जड होते, विचार मंदावतात, नावे आठवत नाहीत, स्वभाव चिडका बनतो, कातडीवर पुटकुळ्या उठतात आणि शेवटी भास होऊ लागतात. औषधाने विषबाधा झाली आहे हे ना रुग्णाला कळे, ना घरच्यांना. वेड लागले असे समजून अनेकांची रवानगी मनोरुग्णालयात होई आणि तेथे शांत करण्यासाठी पुन्हा ब्रोमाइडच दिले जाई. उपाय मात्र अगदी साधा होता: औषध थांबवायचे, आणि मीठ व पाणी द्यायचे. मिठातील क्लोराइड ब्रोमाइडला मूत्रावाटे बाहेर ढकलते.

१९१२ मध्ये फेनोबार्बिटल आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन ही औषधे अपस्मारासाठी आली आणि ब्रोमाइड मागे पडत गेले. झोपेची औषधे म्हणून ते पुढेही चालू राहिले, आणि वॉ यांच्यापर्यंत ते पोहोचले ते त्याच वाटेने. आज कुत्र्यांच्या अपस्मारावर पशुवैद्य ते वापरतात.

फेफरे थांबवणारे औषध मेंदूचा वेग कमी करते, हा पेच ब्रोमाइडसोबत संपला नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत अपस्मारासाठी आणि २००४ मध्ये अर्धशिशी रोखण्यासाठी मान्यता मिळालेले टोपिरामेट हे त्याचे अलीकडचे उदाहरण होय. ते अनेकांना उपयोगी पडते, परंतु काही रुग्णांना बोलताना ऐनवेळी शब्द सापडत नाहीत. वस्तू समोर दिसते, नाव जिभेवर येत नाही. तेथील रुग्णांनी ‘टोपामॅक्स’ या व्यापारी नावाची मोडतोड करून त्याला ‘डोपामॅक्स’ म्हणजे बुद्धी सुन्न करणारे, असे टोपणनाव दिले. मात्रेनुसार हा त्रास कमी-अधिक होतो आणि मात्रा कमी केल्यावर बहुधा ओसरतो. मात्र अशी औषधे एकाएकी बंद केली तर फेफऱ्याचा जोराचा झटका येण्याचा धोका असतो. म्हणून मात्रेतील बदल डॉक्टरांनीच करायचा असतो. वॉ यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले: मात्रा वाढवली ती त्यांनीच, आणि खोलवर विचारपूस कोणी केलीच नाही.

बोटीवरचे दिवस

बोटीवर जे घडले ते वॉ यांनी तीन वर्षांनी ‘द ऑर्डील ऑफ गिल्बर्ट पिनफोल्ड’ या कादंबरीत मांडले. नावे बदलली, बोटीचे ‘कॅलिबान’ असे बारसे केले, पण हकिकत आपलीच असल्याचे त्यांनी कधी लपवले नाही. केबिनमध्ये पडलेल्या पिनफोल्ड यांना आधी वाद्यांचा आणि कुत्र्याच्या पंजांचा आवाज येतो. मग एक प्रार्थनासभा ऐकू येते. पुढे कप्तान एका खलाशाचा छळ करीत असल्याचे कानी पडते. हळूहळू सारे आवाज एकाच माणसाभोवती गोळा होतात. पिनफोल्ड ढोंगी आहे, भेकड आहे, खरा कॅथलिक नाही, त्याची लेखणी आटली आहे. माणूस मध्यरात्री स्वतःला जे बोलतो, तेच येथे इतरांच्या तोंडून ऐकू येते. या कटाचा सूत्रधार बीबीसीचा मुलाखतकार असतो, हे सांगायला नकोच.

पोर्ट सैदला वॉ यांनी बोट सोडली आणि विमानाने ते कोलंबोला पोहोचले. आवाजही सोबत पोहोचले. त्यांनी लॉरा यांना तेथून पत्रे धाडली. आपण नकळत औषधांनी विषबाधा करून घेत होतो, हे या पत्रांत त्यांनी ओळखले होते. आणि त्याच पत्रांत काही मंडळी दूरवरून आपले विचार वाचत असल्याचेही ते ठामपणे कळवत होते. अर्धे निदान बरोबर आणि अर्धा भ्रम, असे हे विलक्षण मिश्रण होते. औषध थांबले होते, परंतु रक्तातील ब्रोमाइड रेंगाळत होते. क्लोरल आणि मद्य यांच्या सवयीला अचानक बसलेला खंडही त्यात भर घालीत असावा.

लॉरा हादरल्या. सहा मुलांची आई असलेल्या, गाईगुरांत रमणाऱ्या या अबोल बाईंनी कोलंबोला जाऊन पतीला घेऊन येण्याची तयारी चालवली आणि एका मित्राने सोबत जाण्याचे कबूल केले. ते निघण्यापूर्वीच वॉ परतले. लंडनच्या हाइड पार्क हॉटेलात पतिपत्नींची भेट झाली. नवऱ्याचे ऐकून घेत, त्याची थट्टा न करता आणि त्याला दुजोराही न देता लॉरा यांनी हळूहळू त्यांच्या मनात संशयाचे बीज पेरले. आवाज खरे नसतीलही, ही शक्यता वॉ यांनी प्रथम मान्य केली ती पत्नीसमोर.

त्यांच्या मनात आता दुसरी भीती होती. हे वेड नसेल, तर ही सैतानाची बाधा असावी. फिलिप कॅरमन या जेझुइट धर्मगुरू मित्राला त्यांनी हॉटेलवर बोलावले आणि भूतबाधा उतरवण्याचा विधी करण्याची विनंती केली. फादर कॅरमन यांनी सुज्ञपणा दाखवला. मंत्रपाठ करण्याऐवजी त्यांनी डॉ. एरिक स्ट्रॉस यांना फोन लावला. डॉ. स्ट्रॉस हे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील नामवंत मानसोपचारतज्ज्ञ आणि स्वतः कॅथलिक होते. ते हॉटेलवर आले, रुग्णाबरोबर जेवले आणि त्यांनी एक साधी चौकशी केली: झोपेसाठी काय काय घेता? उत्तर ऐकताच निदान झाले. ब्रोमाइडची विषबाधा. जुनी औषधे बंद करून त्यांनी झोपेसाठी पॅराल्डिहाइड दिले. वॉ रात्रभर झोपले आणि आवाज नाहीसे झाले. परत आले नाहीत ते कायमचे.

बोटीवर पुढे न सरकलेली कादंबरी, ‘ऑफिसर्स अँड जंटलमेन’, १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची बुद्धी जागेवर आल्याचा याहून बळकट पुरावा हवा असल्यास ते पुस्तक उघडावे. क्रीटच्या पळापळीची त्यातील वर्णने धारदार आहेत. १९५७ मध्ये ‘पिनफोल्ड’ आले. आपल्याला वेड लागले होते, ही गोष्ट वॉ ओळखीपाळखीच्यांना सहजपणे सांगत. मानसिक आजार हा घराण्याला लागलेला डाग समजण्याचा तो काळ होता. पन्नाशीतल्या सनातनी, आढ्यताखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेखकाकडून हा मोकळेपणा कोणी अपेक्षिला नव्हता. पुस्तक वाचून, आपल्यालाही असेच आवाज येतात असे सांगणारी पत्रे त्यांच्याकडे येऊ लागली.

योगायोग असा, की त्याच वर्षी म्युरियल स्पार्क या नवोदित लेखिकेची ‘द कम्फर्टर्स’ ही पहिली कादंबरी आली. तिच्या नायिकेलाही आवाज ऐकू येतात. स्पार्क यांनी भूक मारण्यासाठी डेक्सेड्रिनच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि त्यांनाही भास झाले होते, तेही १९५४ च्या सुमारासच. छपाईपूर्वीची प्रत वॉ यांच्याकडे आली. आपलाच विषय दुसऱ्याने उचललेला पाहून एखादा लेखक खट्टू झाला असता. वॉ यांनी ‘स्पेक्टेटर’मध्ये त्या पुस्तकाची मनापासून प्रशंसा केली. स्पार्क यांच्या कारकिर्दीला त्याने मोठाच हात दिला.

झोप मात्र वॉ यांना पुढेही मिळाली ती औषधांच्याच आधाराने. पॅराल्डिहाइडला उग्र दर्प असतो आणि घेणाऱ्याच्या श्वासालाही तो येतो. १९५६ मध्ये पिअर्स कोर्ट सोडून कुटुंब सॉमरसेटमधील कोम्ब फ्लोरी या खेड्यात राहायला गेले. तेथे वॉ यांनी युद्धावरील कादंबरीत्रयीचा शेवटचा भाग, ‘अनकंडिशनल सरेंडर’, १९६१ मध्ये पुरा केला. कानाला मोठा कर्णा लावून ते पाहुण्यांचे बोलणे ऐकत आणि कंटाळा आला की कर्णा खाली ठेवीत. चर्चमधील लॅटिन उपासना जाऊन तिच्या जागी इंग्रजी येऊ लागली, याचे त्यांना अतोनात दुःख झाले.

१० एप्रिल १९६६ रोजी ईस्टरचा रविवार होता. फादर कॅरमन यांनी सकाळी जवळच्या चर्चमध्ये जुन्या पद्धतीने लॅटिनमधून मास सांगितला. सगळे कुटुंब एकत्र होते आणि वॉ कित्येक महिन्यांत नव्हते इतके प्रसन्न दिसत होते. घरी परतल्यावर दुपारच्या जेवणाआधी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यात ते वारले. त्या वेळी ते ६२ वर्षांचे होते. कोम्ब फ्लोरीच्या चर्चला लागून असलेल्या जागेत त्यांचे दफन झाले. सात वर्षांनी, १९७३ मध्ये, लॉराही तेथेच विसावल्या.